फाईल पेटीत ठेवू नका : लहानपणी कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या मुलांची पुढची तपासणी

विरार पूर्वेच्या फुलपाड्यातून तुमच्याशी बोलतेय. आजचा विषय जरा जड आहे, पण घाबरायचं कारण नाही. लहानपणी कॅन्सर झाला, उपचार झाले, मूल बरं झालं. त्यानंतर वर्षानुवर्षं ज्या तपासण्या करायच्या असतात, त्यांच्याबद्दल आज बोलू. आणि त्या तपासण्यांमधून आपल्याला जे मिळायला हवं ते मिळतंय का, हे कसं ओळखायचं तेही बघू.

गेल्या वर्षीची गोष्ट. गटाची बैठक संपत आली होती. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, चहा यायचा होता. आमच्या गटात एक ताई आहे. तिची मुलगी सोळा वर्षांची. पाच वर्षांची असताना या मुलीला रक्ताचा कॅन्सर झाला होता. अडीच वर्षं औषधं चालली. आज पोरगी अकरावीत आहे, सायकल दामटते, शिवणाच्या क्लासला जाते. कुणीतरी विचारलं, "ताई, त्या हॉस्पिटलात तुला कसा अनुभव आला गं?" ताई लगेच म्हणाली, "देवमाणसं! माझी पोर मला परत दिली. तक्रारीला जागाच नाही."

मी सहज विचारलं, "ताई, तिला औषधं कोणती दिली होती?"

"ते सगळं फाईलमध्ये असेल."

"फाईल कुठंय?"

"पेटीत. साड्यांच्या खाली."

"आणि पुढची तपासणी कधी आहे?"

"पाच वर्षं नेलं की. मग म्हणाले, आता चांगली आहे. तेव्हापासून नाही गेलो."

"मुलीला माहीत आहे का, तिला काय झालं होतं ते?"

ताईनं दाराकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "तिला सांगितलंय, अंगात रक्त कमी होतं म्हणून. दोन-चार वर्षांत लग्नाचं बघावं लागेल. कशाला उगाच?"

चहा आला, आणि विषय तिथंच थांबला. मला मात्र तो सोडवेना. ताई खोटं बोलत नव्हती. ती मनापासून समाधानी होती. पण ते समाधान पोरीचा जीव वाचल्याचं होतं. त्यानंतरच्या काळजीचा हिशेब तिनं कधी मांडलाच नव्हता. गटाच्या वहीत आपण एक रुपयाही नोंदल्याशिवाय सोडत नाही. पोरीच्या तब्येतीची वही मात्र अकरा वर्षं जुन्या पेटीत बंद होती.

आता मुळापासून समजून घेऊ.

कॅन्सर झालेल्या मुलाचे उपचार संपले की डॉक्टर तारखा देतात. आधी दर महिन्याला, मग दोन-तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी, मग वर्षाला. या तारखांमागे दोन वेगवेगळी कामं असतात. पहिलं काम म्हणजे आजार परत तर येत नाही ना, यावर नजर ठेवणं. ही भीती सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत जास्त असते आणि पुढं कमी होत जाते. पाच वर्षं नीट गेली की डॉक्टरही सुटकेचा श्वास टाकतात. "आता चांगली आहे" असं ताईला सांगितलं ते याच अर्थानं.

दुसरं काम त्याच सुमाराला महत्त्वाचं व्हायला लागतं, आणि त्याची आपल्याला कुणी नीट ओळख करून दिलेली नसते. कॅन्सर मारणारी औषधं फार कडक असतात. ती रोगाच्या पेशी मारतात, त्याबरोबर वाढत्या अंगाला थोडा चटकाही देऊन जातात. तो चटका कधी लगेच दिसतो, कधी दहा, कधी वीस वर्षांनी. डॉक्टर त्याला उशिरा दिसणारे परिणाम म्हणतात. सगळ्यांनाच ते होतात असं नाही. कुणाला काय होऊ शकेल हे तीन गोष्टींवर ठरतं : कोणतं औषध दिलं, किती दिलं आणि तेव्हा मुलाचं वय काय होतं. म्हणून तर ती फाईल सोन्यासारखी जपायची.

काही उदाहरणं देते. औषधांची नावं अवघड आहेत, पण ती पाठ करायची नाहीत. फाईलमध्ये दिसली तर ओळखता यावीत, एवढ्यासाठी सांगते.

काही मुलांना लाल रंगाचं औषध सलाईनमधून देतात. ते दिल्यावर लघवीही लालसर होते, त्यामुळे आयांच्या ते बरोबर लक्षात राहतं. डॉक्सोरुबिसिन, डाऊनोरुबिसिन अशी त्यांची नावं. ही औषधं हृदयाचे स्नायू कमजोर करू शकतात. मूल खेळतं, धावतं, वरून काही कळत नाही. हृदयाची सोनोग्राफी असते, तिला इको म्हणतात, त्यात ते दिसतं. म्हणून ज्यांना हे औषध मिळालंय त्यांचा इको ठरावीक वर्षांनी करायचा. मुलींच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं, कारण गरोदरपणात आणि बाळंतपणात हृदयावर भार वाढतो. पुढं अशा मुलीला दिवस गेले तर सुरुवातीलाच डॉक्टरांना सांगायला हवं, की लहानपणी मला हे औषध दिलं होतं.

सिसप्लाटिन नावाचं औषध कानांवर आणि मूत्रपिंडावर परिणाम करू शकतं. वर्गात बाई हाक मारतात आणि मूल बघत नाही. आपल्याला वाटतं दुर्लक्ष करतंय, पण बारीक आवाज त्याच्या कानापर्यंत पोचतच नसतो. रक्ताच्या कॅन्सरमध्ये स्टिरॉइडच्या गोळ्या बरेच दिवस चालतात. त्यांनी हाडं ठिसूळ होऊ शकतात, आणि कधी मोठ्या मुलांच्या खुब्यात दुखायला लागतं. व्हिनक्रिस्टिन या औषधानं काहींच्या पायांना मुंग्या येतात. फार लहान वयात औषधं सुरू झाली असतील तर दात वेडेवाकडे किंवा आखूड मुळांचे येऊ शकतात.

आता किरण, म्हणजे आपण ज्याला लाईट देणं किंवा शेक देणं म्हणतो ते. मानेला लाईट दिली असेल तर थायरॉइडची रक्ततपासणी करत राहावी लागते. डोक्याला दिली असेल तर उंची वाढणं, पाळी सुरू होणं, अभ्यासात लक्ष लागणं यांवर परिणाम होऊ शकतो. मुलीच्या छातीला लाईट दिली असेल तर पुढं स्तनाच्या कॅन्सरची तपासणी इतर बायकांपेक्षा बरीच आधी सुरू करायची असते. अमेरिकेतल्या बालकॅन्सर तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की ती वयाच्या पंचविशीपासून किंवा लाईट संपल्यावर आठ वर्षांनी, यातलं जे नंतर येईल तेव्हापासून सुरू करावी. ज्या बाईला आपल्या छातीला लाईट दिली होती हेच माहीत नाही, ती ही तपासणी कशी करून घेणार?

आणखी एक साधी गोष्ट. केमोमुळे लहानपणच्या लसींचा जोर कमी होऊ शकतो. म्हणून उपचार संपल्यावर कोणत्या लसी पुन्हा द्यायच्या हे डॉक्टरांना विचारायचं असतं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ऐकून आम्ही घाबरायचं का? नाही. यातल्या बऱ्याच गोष्टी वेळेवर कळल्या तर सांभाळता येतात. थायरॉइड कमी असेल तर रोज एक गोळी. ऐकू कमी येत असेल तर कानाचं यंत्र आणि वर्गात पुढचा बाक. हृदय थोडं कमजोर असेल तर औषध आणि देखरेख. घोटाळा होतो तो न कळल्यामुळे.

हे फक्त आपल्याच गावाकडं होतं असं समजू नका. अमेरिकेत लहानपणी कॅन्सरमधून वाचलेल्या हजारो माणसांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली आहे. २००६ साली त्यातल्या १०,३९७ जणांची माहिती छापून आली. त्यांच्यापैकी ६२ टक्के लोकांना मोठेपणी तब्येतीची कसली ना कसली कायमची तक्रार होती. ही माणसं १९७० ते १९८६ या काळात आजारी पडलेली. तेव्हाचे उपचार आजच्यापेक्षा जास्त कडक होते, म्हणून तो आकडा आजच्या मुलांना जसाच्या तसा लावू नका.

पण त्याच लोकांबद्दलचे आणखी दोन अभ्यास मला आपल्या कामाचे वाटतात. २००२ साली छापून आलेल्या अभ्यासात ६३५ जणांना विचारलं, तुमचा आजार आणि उपचार लिहिलेला कागद तुम्हाला कधी कुणी दिला होता का? फक्त १५ टक्के लोक हो म्हणाले. आणि २००८ साली छापून आलेल्या अभ्यासात साडेआठ हजार जणांना विचारलं, तेव्हा जवळजवळ ८९ टक्के लोक डॉक्टरांकडं जाऊन आलेले निघाले. पण लहानपणच्या कॅन्सरकडं लक्ष देऊन तपासणी झाली, असं सांगणारे निघाले सुमारे ३२ टक्के. कोणत्या तपासण्या करायच्या, काय टाळायचं, हा सल्ला मिळालेले तर १८ टक्केच. म्हणजे एवढ्या श्रीमंत देशातसुद्धा माणूस दवाखान्यात जातो, डॉक्टरांना भेटतो, बरं वाटून घरी येतो आणि मूळ काम राहूनच जातं. आपल्या ताईचं तरी दुसरं काय झालं होतं?

आपल्याकडं या कामाची चांगली वाट जवळच आहे, हेही सांगायला हवं. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झालं. तिथं १९९१ साली डॉ. पूर्णा कुरकुरे यांच्या पुढाकारानं उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी वेगळी ओपीडी सुरू झाली. तिला ॲक्ट क्लिनिक म्हणतात. इंग्रजी नावाचा अर्थच मुळी 'उपचार पूर्ण झाल्यानंतर' असा आहे. आजारी मुलांच्या गर्दीत बरं झालेलं मूल मागं पडू नये, त्याची वाढ, हृदय, शाळा, मन या सगळ्याची वेगळी चौकशी व्हावी, ही त्यामागची कल्पना. तिथं डॉक्टरांबरोबर समुपदेशक आणि समाजसेविकाही असतात. आणि मूल मोठं होऊन बाप्या किंवा बाई झालं, तरी त्याला या वाटेनं येता येतं.

पुढं २००९ साली अशा बऱ्या झालेल्या मुलामुलींनी एकत्र येऊन 'उगम' नावाचा गट सुरू केला. तो इंडियन कॅन्सर सोसायटीच्या सोबतीनं चालतो. ही सोसायटी १९५१ सालची, डॉ. जस्सावाला आणि नवल टाटा यांनी स्थापन केलेली. उगममधली मुलं आता मोठी झाली आहेत, नोकऱ्या करतात, संसार करतात, आणि वॉर्डातल्या नव्या आईबापांना भेटून सांगतात, की बघा, मी तुमच्यासमोर उभा आहे. तो धीर कोणत्याही औषधाच्या बाटलीत मिळायचा नाही.

आता समाधानाकडं वळू. बऱ्याच रुग्णालयांत हल्ली एक फॉर्म देतात. समाधानी, असमाधानी, हसरा चेहरा, रडका चेहरा. आपण डोळे झाकून हसऱ्या चेहऱ्यावर खूण करतो. का करतो? मी गटातल्या बायकांना विचारलं, तेव्हा तीन उत्तरं आली. एक म्हणाली, "ज्यांनी जीव वाचवला त्यांना नावं कशी ठेवायची?" दुसरी म्हणाली, "काही वाकडं लिहिलं आणि पुढच्या वेळी नीट बघितलं नाही तर?" तिसरी म्हणाली, "आपल्याला काय मिळायला हवं हेच माहीत नाही, तर मिळालं नाही हे कळणार कसं?"

मला तिसरं उत्तर सगळ्यात खरं वाटलं. रेशनवर महिन्याला किती धान्य मिळायला हवं हे माहीत असलं, की कमी मापलेलं लगेच कळतं. इथंही माप माहीत हवं. म्हणून सहा प्रश्न सांगते. तपासणी करून घरी येताना लोकलमध्ये किंवा एसटीत बसल्यावर ते स्वतःला विचारायचे.

पहिला प्रश्न : आजाराचं नाव, दिलेली औषधं, त्यांचं एकूण प्रमाण, ऑपरेशन आणि लाईट कुठं व किती दिली, हे सगळं लिहिलेला एक कागद माझ्या हातात आहे का?

दुसरा : माझ्या मुलाला पुढं कोणत्या गोष्टींचा धोका आहे, आणि कोणत्या गोष्टींचा नाही, हे मला माझ्या भाषेत कुणी समजावलं का?

तिसरा : पुढची तारीख आणि त्या दिवशी करायची तपासणी लिहून दिली आहे का?

चौथा : मध्येच काही झालं, म्हणजे दम लागला, सतत ताप आला, गाठ दिसली, वजन उतरलं, तर कुणाला फोन करायचा हे मला माहीत आहे का?

पाचवा : डॉक्टर माझ्या मुलाशी बोलले का? फक्त माझ्याशी नाही, त्याच्याशी. शाळा कशी चाललीय, मित्र आहेत का, रात्री झोप लागते का, हे त्याला विचारलं का?

सहावा : मला जे विचारायचं होतं ते विचारता आलं का? की गर्दी बघून मी गप्प बसले?

सहाही प्रश्नांना हो असं उत्तर आलं, तर हसऱ्या चेहऱ्यावर खुशाल खूण करा, आणि डॉक्टरांना दोन चांगले शब्दही सांगा, त्यांनाही ते हवे असतात. तीनच हो आले, तर राहिलेल्या तीन गोष्टी पुढच्या वेळी मागून घ्या. मागणं म्हणजे कृतघ्नपणा नाही. ज्यांनी एवढी मेहनत करून मूल वाचवलं, त्यांची मेहनत पुढं वाया जाऊ नये म्हणूनच आपण मागतोय.

आता अडचणी. त्या मला माहीत आहेत. इथून विरार स्टेशनपर्यंत रिक्षा, मग दादर, मग परळ. सकाळी पाचला घर सोडलं तरी परत यायला रात्र होते. जव्हार-मोखाड्याकडच्या बाईला तर आधी एसटी, मग लोकल, आणि दोन दिवसांची मजुरी बुडते. मूल धडधाकट दिसतंय आणि आपण हजार रुपये आणि दोन दिवस घालवायचे, हे घरातल्यांच्या गळी उतरत नाही. म्हणून काही सोयी सांगते.

रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला भाड्यात सवलत मिळते. ती उपचारांसाठी असते तशी ठरावीक तपासणीच्या प्रवासासाठीही असते. त्यासाठी रुग्णालयाच्या डॉक्टरांनी भरून दिलेला फॉर्म लागतो. एसटीतही कॅन्सरच्या रुग्णांना सवलत आहे. रुग्णालयात गेलात की समाजसेवा विभाग विचारा. भाड्याची, राहण्याची, मदतीची माहिती तिथं एका ठिकाणी मिळते. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. आपल्याला हव्या त्या तपासण्या त्यात बसतात का, हे रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन त्यांनाच विचारायचं.

डॉक्टरांना आणखी दोन गोष्टी विचारून बघा. एक, सगळ्या तपासण्या एकाच दिवशी होतील का? दोन, इको किंवा रक्त आमच्या जवळच्या दवाखान्यात करून त्याचा रिपोर्ट आणला तर चालेल का? विचारल्याशिवाय कुणी आपणहून सांगत नाही, कारण आपण किती लांबून येतो हे त्यांना दिसत नाही.

आणि कागदांबद्दल एक नियम लक्षात ठेवा. २००२ साली डॉक्टरांच्या वागणुकीचे नियम आले. त्यात लिहिलंय की रुग्णानं आपले कागद मागितले तर ७२ तासांच्या आत द्यावेत. त्याच नियमांत असंही आहे की दाखल रुग्णांचे कागद डॉक्टरांनी निदान तीन वर्षं सांभाळावेत. तीन वर्षं म्हणजे किती? पाच वर्षांची पोर आठ वर्षांची होईपर्यंत. बरीच मोठी रुग्णालयं त्याहून जास्त काळ कागद ठेवतात, पण त्या भरवशावर राहू नका. उपचार संपतील त्याच महिन्यात कागद मागून घ्या. फाईलची झेरॉक्स काढा, मोबाईलमध्ये फोटो काढा, आणि एक प्रत माहेरी किंवा बहिणीकडं ठेवा. आपल्याकडं पावसाळ्यात घरात पाणी शिरतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. मुलीला सांगायचं का? आणि लग्नाचं काय?

आधी काही समज दूर करू. कॅन्सर एकाचा दुसऱ्याला लागत नाही. लहान मुलांचे बहुतेक कॅन्सर आईबापांकडून आलेले नसतात, आणि ते पुढं त्यांच्या मुलांकडंही जात नाहीत. डोळ्याच्या एका कॅन्सरसारखे काही मोजके प्रकार घराण्यातून येऊ शकतात, त्याबद्दल डॉक्टर वेगळा सल्ला देतात. बऱ्या झालेल्या अनेक मुलींना पुढं मुलं होतात. काही औषधांच्या मोठ्या प्रमाणानं किंवा ओटीपोटाला दिलेल्या लाईटनं अडचण येऊ शकते, आणि ती आहे की नाही हेसुद्धा त्या कागदावरून आणि तपासणीवरूनच कळतं. म्हणजे कागद लपवला तर आपण मुलीचं भलं करत नाही. कदाचित सगळं चांगलंच असेल, तेही आपण तिच्यापासून लपवत असतो.

सासरच्यांना काय सांगायचं, कधी सांगायचं, हे त्या मुलीनं आणि तिच्या आईबापांनी मिळून ठरवायचं. त्यात मी कोण सांगणार? पण ज्या मुलीलाच माहीत नाही, ती काय ठरवणार? आणि उद्या ती गरोदर असताना दम लागला, आणि डॉक्टरांनी विचारलं, "लहानपणी मोठा आजार झाला होता का?" तर ती म्हणणार, "नाही, रक्त कमी होतं." हे उत्तर तिच्या जिवावर बेतू शकतं.

लहान मुलाला लहान शब्दांत सांगायचं. तुझ्या रक्तात एक आजार होता, औषधांनी तो गेला, आता तुला सांभाळायचंय. बारा-तेरा वर्षांनंतर आजाराचं नाव सांगायचं. सोळा-सतराला फाईल तिच्या हातात द्यायची आणि डॉक्टरांशी तिलाच बोलू द्यायचं. एका दमात सगळं सांगायची गरज नाही. अवघड वाटलं तर रुग्णालयातल्या समुपदेशकाच्या समोर बसून सांगा.

आता आमच्या ताईचं पुढं काय झालं ते सांगते. त्या चहानंतर आठवड्यानं ती माझ्याकडं आली. म्हणाली, "चला माझ्याबरोबर." आम्ही दोघी तिच्या जुन्या रुग्णालयात गेलो. कोणतं, ते सांगत नाही. आज त्याचा काही उपयोग नाही. पहिली खेप वाया गेली. खिडकीवरचा माणूस म्हणाला, इतका जुना नंबर सापडत नाही, आणि आता तर मुलगी बरी आहे, कागद कशाला हवा? ताई परत फिरणार होती. मी म्हटलं, "ताई, गटाच्या कर्जासाठी बँकेत किती खेपा घातल्या होत्या?" ती म्हणाली, "चार." मग हसली.

दुसऱ्या खेपेला आम्ही लेखी अर्ज घेऊन गेलो, पेटीतली फाईलही बरोबर नेली. या वेळी एका तरुण डॉक्टरीण बाईंनी वेळ दिला. फाईल चाळून एका पानावर सगळं उतरवून दिलं. लाल औषध दिलं होतं. लाईट दिलेली नव्हती. इको करायचा, हाडांसाठी तपासणी करायची, आणि पुढं ठरावीक वर्षांनी यायचं. ताईनं तो कागद दोन वेळा माझ्याकडून वाचून घेतला.

मग राहिलं मुलीला सांगणं. त्यासाठी ताईला आणखी पंधरा दिवस लागले. एका रात्री भांडी झाल्यावर तिनं विषय काढला. मुलगी ऐकत राहिली आणि म्हणाली, "आई, मला माहीत आहे. आठवीत असताना पेटीतून साडी काढताना फाईल वाचली होती. तू रडशील म्हणून विचारलं नाही."

तीन वर्षं! आई पोरीसाठी गप्प आणि पोर आईसाठी गप्प. ताईनं हे मला सांगितलं तेव्हा मी काय बोलणार? नुसती बसून राहिले.

इको झाला. हृदय आज चांगलं आहे. पुढची तारीख मुलीनं स्वतःच्या हातानं कॅलेंडरवर लिहिली आहे. परवा बैठकीत कुणीतरी ताईला पुन्हा तोच प्रश्न विचारला, हॉस्पिटलचं कसं आहे? ताई म्हणाली, "डॉक्टर चांगले आहेत. कागद द्यायला एक खेप उगाच घालायला लावली. पण आता कागद आहे." मला वाटतं, समाधान असं असावं. चांगलं ते चांगलं म्हणायचं, राहिलं ते राहिलं म्हणायचं.

मैत्रिणींनो, आता या महिन्याचं काम. तुमच्या पाड्यात, तुमच्या गटात, लहानपणी कॅन्सर होऊन बरं झालेलं मूल असेल, किंवा आता मोठी झालेली मुलगी-सून असेल, तर चारचौघींत तिचं नाव घेऊ नका. तिच्याकडं एकटीनं जा. एवढंच विचारा, "फाईल कुठंय? पुढची तारीख कधी आहे?" फाईल हरवली असेल तर अर्ज लिहायला मदत करा. खेपेला सोबत हवी असेल तर जा. भाड्याला पैसे कमी पडत असतील तर गटातून बिनव्याजी उचल द्यायची का, हे बैठकीत ठरवा. आशाताईंना हे सहा प्रश्न वाचून दाखवा, त्यांच्या घरभेटीत ते उपयोगी पडतील.

आणि घरी गेल्यावर आपली पेटी उघडा. कॅन्सरची नसेल, पण कुठल्या तरी ऑपरेशनची, कुठल्या तरी बाळंतपणाची फाईल साड्यांच्या खाली असेलच. ती वर काढून ठेवा.